नऊशे ठोके

कप बशीत ठेवताना किणकिण व्हायला लागली, तेव्हा वहिनींनी दोष बशीला दिला. सही करताना अक्षरं लहरायला लागली, तेव्हा पेनाला दिला. पण ज्या दिवशी निवृत्त नर्सबाईंच्या घड्याळाची हेअरस्प्रिंग त्यांच्या चिमट्याखाली वाकली आणि तिचा पार गुंता होऊन बसला, त्या दिवशी दोष द्यायला हाताखेरीज कुणी उरलं नाही.

हेअरस्प्रिंग म्हणजे घड्याळाच्या पोटातली केसाहून बारीक गुंडाळी. तिच्या जोरावर एक चिमुकलं चाक मागेपुढे झुलत राहतं, आणि ते झुलतं म्हणून घड्याळ चालतं. ती बसवायची म्हणजे डोळ्याला भिंग, पोटात श्वास आणि बोटांत देव, असं वहिनींचे सासरे म्हणायचे. त्यांना दोन मुलगे. थोरल्याच्या बोटांत नुसता जोर, धाकट्याचं सगळं कौशल्य जिभेवर. शेवटी म्हाताऱ्यांनी थोरल्या सुनेला टेबलावर बसवलं, आणि तिथून एकतीस वर्षं वहिनी तिथेच बसल्या. मध्ये सासरे गेले, मग नवरा गेला. टेबल राहिलं. रस्त्याकडच्या खिडकीपाशी, डाव्या हाताने उजेड येईल असं. धाकटे दीर काउंटर सांभाळायचे, नवी घड्याळं, पट्टे, बॅटऱ्या विकायचे, आणि दिवसभर "वहिनी, हे बघा जरा" अशी हाक मारायचे. त्यामुळे सगळा रस्ताच त्यांना वहिनी म्हणायचा. वयाने त्यांच्याहून मोठा असलेला चष्मेवालासुद्धा.

त्या संध्याकाळी दिरांनी शटर अर्धं खाली ओढलं आणि समोरच्या स्टुलावर येऊन बसले. ते स्टुलावर बसले की काहीतरी कठीण बोलायचं असतं, हे वहिनींना माहीत होतं. बराच वेळ इकडचं तिकडचं झालं. मग त्यांनी सांगितलं, की मोबाइलची कव्हरं विकणारा एक माणूस खिडकीची जागा मागतोय, आपली शोकेस आणून ठेवतो म्हणतो. दोनदा येऊन बघूनही गेला. आपण अजून हो म्हटलेलं नाही. पण लोक घड्याळ विश्वासाने देतात, आणि एकदा का दुकानाचं नाव गेलं की ते परत येत नाही.

"वहिनी, राग मानू नका," ते शेवटी म्हणाले. "तुम्ही एवढी वर्षं केलंत. आता आराम केलात तर कोण काय म्हणणार आहे?"

"राग नाही भावोजी. दीड महिना द्या. दीड महिन्यानंतरच्या सोमवारी तुमच्यासमोर याच नर्सबाईंच्या घड्याळात स्प्रिंग बसवते. नाही बसली तर टेबलाचे स्क्रू मीच काढीन."

दीर म्हणाले, निदान एखाद्या भंगारातल्या घड्याळावर तरी करा. वहिनी म्हणाल्या, भंगारावर हात कापत नाही, कापतो तो दुसऱ्याच्या वस्तूवर. खरं म्हणजे तो दोन्हीवर कापत होता. पण बोलून तर बसल्या.

*

दवाखान्यातले डॉक्टर निवृत्तीला आलेले, हळू आवाजात बोलणारे. त्यांनी वहिनींना कागद पेन्सिल देऊन एक गुंडाळी काढायला सांगितली, मधून सुरू करून बाहेर बाहेर, गोगलगायीच्या पाठीसारखी. वहिनींना हसू आलं. म्हणजे इथेही हेअरस्प्रिंगच. पण काढलेली गुंडाळी बघून हसू गेलं. रेघ इतकी दातेरी, की तिने लाकूड कापता आलं असतं.

डॉक्टरांनी सांगितलं, की हा कंप जिवावरचा नाही, पण हट्टी आहे. गोळ्या आहेत, पण वहिनींना दमा, त्यामुळे त्या चालायच्या नाहीत. कवटीला भोक पाडून आत तार घालायची शस्त्रक्रिया आहे, पण एवढ्यात ती नको. तिसरी गोष्ट म्हणजे, काहीही न कापता बाहेरूनच डोक्याच्या मागच्या बाजूला चुंबकाचे ठोके द्यायचे. तिथे लहान मेंदू असतो, हाताची हालचाल नेमकी करणं हे त्याचं काम. त्याचा चुकलेला ताल थोडा शांत करता येतो का बघायचं.

वहिनींनी विचारलं, गुण येईल का.

"काहींना येतो, काहींना येत नाही," डॉक्टर म्हणाले. "आला तरी कायमचा नसतो, अधूनमधून पुन्हा यावं लागतं. खोटं कशाला सांगू, आम्हीही अजून शिकतोच आहोत."

हे उत्तर वहिनींना पटलं. 'एका तासात करून देतो' म्हणणाऱ्या कारागिरापेक्षा 'उघडून बघतो, मग सांगतो' म्हणणारा बरा, हे त्यांना आयुष्यभराचं माहीत होतं.

फक्त एक शब्द खटकला. चुंबक.

घड्याळजीच्या घरात चुंबक म्हणजे साप. स्प्रिंगला त्याचा वारा लागला की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ वेड्यासारखं पुढे पळायला लागतं. वहिनींनी दिरांचा स्पीकरसुद्धा दुकानाबाहेर काढायला लावला होता. आणि आता बोलता बोलता त्यांची नजर डॉक्टरांच्या मनगटावर गेली. चावीचं जुनं, चांगल्या घराण्यातलं घड्याळ. पण भिंतीवरच्या घड्याळापेक्षा सात मिनिटं पुढे.

"रोज पुढे जातं का हो हे?"

"रोज. मी रोज मागे करतो."

"मशीनच्या खोलीत हातात असतं?"

"असायचं पूर्वी."

वहिनींनी हात पुढे केला, डॉक्टरांनी मुकाट्याने घड्याळ काढून दिलं. तपासून घ्यायला आल्या होत्या ते एकीकडेच राहिलं, आणि रोगीच डॉक्टरांचं घड्याळ रुमालात बांधून घरी घेऊन आला.

याला औषध सोपं होतं. टेबलाच्या कोपऱ्यात एक लहान पेटी असते, तिच्यात तारेचं वेटोळं. घड्याळ वेटोळ्यात धरायचं, बटण दाबायचं, आणि बटण दाबलेलंच ठेवून घड्याळ हळूहळू, अगदी हळूहळू, हातभर लांब न्यायचं. मगच बटण सोडायचं. घड्याळ आत असतानाच करंट बंद केला, तर चुंबक जायचं सोडून उलट आत घट्ट बसतं. सासऱ्यांनी पहिल्या महिन्यात हे शिकवताना वहिनींच्या मनगटावर दोनदा टपली मारली होती. दुसऱ्या दिवसापासून डॉक्टरांचं घड्याळ सरळ चालू लागलं. दीर म्हणाले, बरं झालं, डॉक्टर बरे झाले, आता तुमचं काय ते बघा.

*

मशीनची खोली तळमजल्यावर, लांबलचक कॉरिडॉरच्या टोकाला. एक खुर्ची, तिच्यासमोर कपाळ टेकवायला गादीचं कडं, आणि मागे लोखंडी हातावर टांगलेलं वेटोळं, दोन बशा शेजारी शेजारी जोडाव्यात तसं. मशीन चालवायला चाळिशीच्या एक बाई होत्या. जपून बसा, जपून उठा, मान जपून, पाय जपून. पहिल्याच दिवशी वहिनींनी मनातल्या मनात त्यांचं नाव जपूनबाई ठेवून टाकलं. जपूनबाईंनी त्यांना कानातलं काढायला सांगितलं, केसांतल्या पिना काढायला सांगितल्या, मग विचारलं, काकू, अजून काही धातूचं? वहिनींनी ब्लाउजच्या आत खोचलेला चिमटा काढून ट्रेमध्ये ठेवला. त्यांना तो तिथे आहे हे आठवतही नव्हतं.

आधी डोक्यावर एका जागी ठोका देऊन अंगठा किती उडतो ते पाहिलं, त्यावरून जोर ठरवला. मग वेटोळं मागे, कानाच्या मागच्या बाजूला उजवीकडे आणून टेकवलं. लहान मेंदूचं मोठ्या मेंदूसारखं उलटं नसतं काकू, उजव्या हाताला उजवीच बाजू, असं जपूनबाईंनी सांगितलं. सेकंदाला एक ठोका, असे नऊशे. कानात बोळे घातले आणि मशीन सुरू झालं.

टक. टक. टक.

प्रत्येक ठोक्याला मानेचा स्नायू आपसूक उडायचा, कुणीतरी मागून टिचकी मारावी तसा. पण वहिनींचं लक्ष आवाजाकडे. सेकंदाचा ठोका खरा आहे का, हे त्यांच्या कानाने आधी तपासून घेतलं, आणि खरा निघाल्यावर त्यांना खोलीतल्या सगळ्याबद्दलच थोडं बरं वाटलं. दर ठोक्याला त्यांनी एक नाम घ्यायला सुरुवात केली. शंभर झाली की एक बोट मिटायचं. जपूनबाई नंतर म्हणाल्या, की काकू, मोजायची गरज नाही, मशीन मोजतं. त्यावर वहिनी म्हणाल्या, मशीनला मोजू दे की, मी काही त्याचं काम काढून घेत नाही, मी नुसती आठवण करते.

पाचवं बोट मिटलं, आणि वहिनींच्या मनात एकदम पाल चुकचुकली.

नऊशे झाले की हे बंद होणार. झटक्यात. आणि डोकं तर वेटोळ्याला चिकटलेलं. दोन हात लांब असलेल्या मनगटावरचं घड्याळ या मशीनने पळवलं, मग इथे तर पाव तास अंगाला अंग लावून बसलोय. करंट बंद होताना डोकं आतच राहिलं तर? डोक्यातलं जे काय बिघडलंय ते सुटायचं सोडून आत घट्टच बसेल की.

विचारायला काय हरकत होती? पण सासऱ्यांचा दुसरा धडा आड आला. दुसऱ्याच्या टेबलावर बसलेलं असताना त्याला त्याचं काम शिकवायचं नाही. काही राहिलेलं दिसलं तर आपलं आपण गुपचूप करून टाकावं. वहिनींना वाटलं, बिचारी एवढी जपून जपून करते, आणि नेमकं मोठं विसरते. जाऊ दे, आपण करू.

मग त्यांनी कपाळ गादीत दाबायला सुरुवात केली. केसभर. आणखी केसभर. घड्याळाला जितक्या हळू लांब न्यायचं, त्याहून हळू, कारण डोकं घड्याळाहून मोठं. पाचशेपासून नऊशेपर्यंत त्या वेटोळ्यापासून इतक्या सावकाश दूर गेल्या, की समोर बसून स्क्रीनवर बघणाऱ्या माणसाला हललेलं कळूच नये. एकतीस वर्षांचा हात होता तो. म्हणजे मान होती. शेवटचा ठोका पडला तेव्हा डोकं आणि वेटोळं यांच्यात दोन बोटं सहज मावली असती, आणि काम नीट झाल्याचं समाधान घेऊन वहिनी घरी गेल्या.

असे दहा दिवस.

*

अकराव्या दिवशी डॉक्टरांनी पुन्हा गुंडाळी काढायला दिली. पहिली आणि ही शेजारी शेजारी ठेवली. दोन्ही सारख्याच दातेरी.

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला, आणि तेवढ्यात वहिनींना कळलं. त्यांनी फार प्रेमाने सांगितलं, की सगळ्यांना गुण येतोच असं नाही, दहा दिवसांत जराही फरक नसेल तर पुढे नेण्यात अर्थ नाही, आणि मशीनवर बसायला माणसं रांगेत आहेत. यात तुमची काही चूक नाही.

जपूनबाई बाजूला फाइल घेऊन उभ्या होत्या. त्यांचा चेहरा वहिनींहून उतरलेला.

वहिनी उठल्या नाहीत. एकाएकी सगळी खिडकी, भिंग, डावीकडून येणारा उजेड, सगळं उचलून कुणी बाहेर नेतंय असं वाटलं. पण त्यांच्या धंद्यात मेलेलं घड्याळ मेलं म्हणण्याआधी एक रीत होती. आपण काय काय केलं ते दुसऱ्या माणसाला पहिल्यापासून शेवटपर्यंत करून दाखवायचं. दहातल्या सात वेळा चूक दाखवता दाखवताच सापडते. त्यांनी डॉक्टरांना तेच सांगितलं. म्हणाल्या, उद्यापासून येऊ नको म्हणा, पण आज एकदा तुम्ही सगळं बघा. मशीन बघा, यांचं बघा, माझं बघा.

"माझं कुठे चुकत असेल तर तोंडावर सांगा," त्या म्हणाल्या. "बसते मी दगडासारखी. शेवटी डोकंसुद्धा हळूहळू बरोबर लांब नेते. या सांगत नाहीत, तरी नेते."

जपूनबाईंनी फाइल खाली ठेवली.

"काय नेता?" जपूनबाईंनी विचारलं.

"डोकं. करंट बंद व्हायच्या आधी लांब न्यायचं असतं ना? नाहीतर चुंबक आत राहतं." आणि मग आपण दुसऱ्याच्या टेबलावर तोंड घातलं असं वाटून त्या घाईघाईने म्हणाल्या, "तुम्ही विसरत असाल असं म्हणत नाही मी. कामाच्या गडबडीत होतं."

"काकू, कितव्या ठोक्यापासून?"

"पाचशेपासून."

जपूनबाई खुर्चीवर बसल्या. आधी त्यांचा हात कपाळाला गेला, मग तोंडावर, आणि मग त्या जे हसायला लागल्या ते थांबेनात. डोळ्यांतून पाणी आलं. दहा दिवस त्यांना रोज शेवटी मध्ये फट दिसत होती. त्यांना वाटलं, मशीनचा लोखंडी हातच सरकतोय. दुरुस्ती विभागात तक्रार दिली. एक माणूस तीन वेळा येऊन स्क्रू आवळून गेला, तिसऱ्या वेळी तर वैतागून म्हणाला, बाई, आता आणखी आवळला तर हात मोडेल.

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी आपल्या मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं, सरळ चालणाऱ्या, आणि मग वहिनींच्या शेजारी स्टूल ओढून बसले.

"वहिनी," तेही आता वहिनीच म्हणाले, "तुमची स्प्रिंग पोलादाची असते. पोलाद चुंबक धरून ठेवतं. मेंदू म्हणजे पाणी आणि चरबी, तो काही धरून ठेवत नाही. ठोका पडतो तेव्हा आत क्षणभर बारीक करंट उठतो, तेवढाच. काम तो करंट करतो. आणि वेटोळं बोटभर लांब गेलं की तो आत पोचतच नाही."

"म्हणजे निम्मे ठोके..."

"हवेत गेले. निम्म्याला थोडे कमी."

इतका मोठा वेडेपणा वहिनींनी आयुष्यात केला नव्हता, आणि तो किती नेमाने केला होता. मग त्यांना वाटलं, देवाने चुकवायचं ठरवलं तर आपल्याच हुशारीला हाताशी धरतो. पण त्याच्या पाठोपाठ दुसरी गोष्ट लक्षात आली, आणि त्या ताठ बसल्या. औषध लागू पडलं नाही असं नाही. ते अजून दिलंच गेलं नव्हतं.

त्यांनी पुन्हा पहिल्यापासून करा म्हटलं. डॉक्टर म्हणाले, करायला हवं, वीस दिवस पूर्ण. पण वेळा उद्यापासून दुसऱ्याला दिल्यात. सकाळी आठ ते संध्याकाळपर्यंत एक जागा नाही. वहिनी म्हणाल्या, मी सातला येते. डॉक्टर म्हणाले, तुम्ही याल हो, पण मशीन कोण चालवणार?

दोघांनी जपूनबाईंकडे पाहिलं. त्या डोळे पुसत होत्या.

"पहिली बस पावणेसहाची आहे," त्या म्हणाल्या. "पण काकू, एक अट. मानेत एक केससुद्धा नाही."

*

वीस दिवस म्हणजे, शनिवार रविवार सोडून, चार आठवडे. वहिनींनी बोटांवर मोजलं. दिलेल्या शब्दाचा सोमवार वीस दिवस संपल्यानंतरचाच निघाला. मध्ये एकही दिवस चुकून चालणार नव्हता. दिरांनी सगळी हकीकत ऐकून घेतली आणि आधी पोट धरून हसले. मग म्हणाले, मुदत वाढवून घ्या हवी तर, शोकेसवाल्याला मी थांबवतो. वहिनींनी नको म्हटलं. मुदत वाढवली की मन सैल पडतं.

सकाळी सातला कॉरिडॉरमध्ये फरशी पुसणाऱ्या बाईखेरीज कुणी नसायचं. जपूनबाई बसमधून उतरून जवळजवळ धावत यायच्या, ओठांत पिना धरून केस बांधत. दिवा, खुर्ची, वेटोळं. टक.

वहिनींना वाटलं होतं, नुसतं न हलता बसायचं, त्यात काय कठीण. पण पाचवं बोट मिटलं की मान आपली आपण पुढे जायला बघायची. डोक्याला कळलं होतं, मानेला कळलेलं नव्हतं. हाताला जे एकतीस वर्षं सांगितलं, ते अंगात सगळीकडे पसरलेलं होतं. लांब ने, लांब ने, आता बंद होईल. पहिल्या दिवशी तर कपाळाला घाम फुटला. दोनदा जपूनबाईंनी "काकू" एवढंच म्हटलं, आणि दोनदा त्या केसभर मागे आल्या.

तेव्हा त्यांनी मोजणं सोडलं. मोजलं की शेवट कळायचा, आणि शेवट कळला की पळावंसं वाटायचं. नुसतं नाम घ्यायचं. ठोका पडेल तसं, कितवं आहे हे न बघता. त्याला जेव्हा थांबवायचं तेव्हा तो थांबवील, आपण जिथे ठेवलंय तिथे राहायचं. जन्मभर देवापुढे बसून जे जमलं नव्हतं, ते त्या खुर्चीत कपाळ टेकून, मागून टिचक्या खात, चौथ्या दिवशी थोडं थोडं जमायला लागलं. सहाव्या दिवशी मशीन थांबलं तरी त्यांना कळलं नाही. जपूनबाईंनी खांद्याला हात लावला तेव्हा त्या दचकल्या.

फरक आला तो गाजावाजा न करता. बाराव्या दिवशी दुकानाच्या कुलपात किल्ली पहिल्या फटक्यात गेली. वहिनींनी ती काढली आणि पुन्हा घातली. पुन्हा गेली. तिसऱ्यांदा मात्र कुलूप चुकलं, म्हणून त्यांनी दिरांना काही सांगितलं नाही. पंधराव्या दिवशी गुंडाळी काढली, तिचे दात बोथट झाले होते. विसाव्या दिवशीच्या गुंडाळीत लाटा होत्या, पण लहान, तळ्यावर वारा आल्यासारख्या. डॉक्टर कागद बराच वेळ धरून बसले. म्हणाले, हा तुमच्या घड्याळाच्या कामाला पुरेल का, हे मला सांगता येणार नाही. वहिनी म्हणाल्या, ते तुम्हाला कसं सांगता येईल, ते सोमवारी मलाच कळेल. आणि दारातून वळून विचारलं, की पुन्हा यायचं म्हणालात ते कधी, आत्ताच तारीख लिहून द्या.

*

सोमवारी नऊला त्यांनी टेबल पुसलं. हिरव्या कापडाच्या सुरकुत्या हाताने सारख्या केल्या. नर्सबाईंचं घड्याळ, छातीला लावायचं, उलटं लटकणारं, एका वाटीखाली झाकून ठेवलेलं होतं. जुन्या घड्याळातून मिळवलेली चांगली स्प्रिंग आणि तिचं चाक दुसऱ्या वाटीखाली. दीर स्टूल घेऊन समोर बसले, हात मांडीवर, शाळेत बसतात तसे. शोकेसवाला बारा वाजता येणार होता. त्यांनी ते सांगितलं नव्हतं, पण वहिनींनी फोनवरचं बोलणं ऐकलं होतं.

भिंग डोळ्याला लागलं. चिमट्याने चाक उचललं, स्प्रिंग खाली थेंबासारखी लोंबली. हात घड्याळावर आला, आणि खाली उतरायच्या वेळी थरथर सुरू झाली. पूर्वीसारखी नाही, पण होती. चाकाची टोकदार सुई ज्या भोकात बसायची, ते मोहरीच्या शंभराव्या भागाएवढं. वहिनींनी अर्धा क्षण वाट पाहिली, थरथर वाढली, आणि स्प्रिंगचा वेढा पुलाच्या, म्हणजे चाकं जागेवर धरणाऱ्या पट्टीच्या, कडेला घासला.

त्यांनी चाक परत वाटीत ठेवलं. चिमटा खाली ठेवला. दिरांचा श्वास जोरात बाहेर पडला.

"भावोजी, तुम्ही काउंटरला जा."

"समोर बसवीन म्हणाला होतात ना."

"काउंटर समोरच आहे. तुमचे डोळे माझ्या मनगटावर आहेत, मला जड होतंय."

दीर उठले. काउंटरमागे जाऊन पट्ट्यांचा गठ्ठा उलटसुलट करत राहिले, एकही पट्टा न बघता.

वहिनींनी कोपर टेबलावर नव्याने रोवला, आधीपेक्षा जरा पुढे. करंगळी घड्याळाच्या कडेला टेकवली. पूर्वी त्यांना असा टेका कधी लागला नव्हता, सासरे असते तर टपली बसली असती. मग त्या थरथर थांबायची वाट बघत बसल्या नाहीत. ती थांबणार नव्हती, हे आता कळलं होतं. पण तिच्यात फटी होत्या. दोन लाटांमध्ये हात क्षणभर खरा स्थिर व्हायचा, मग पुन्हा लाट. दीड महिन्यापूर्वी या फटी नव्हत्याच. वहिनींनी तीनदा हात खाली नेला आणि तीनदा फट निसटली म्हणून वर आणला. चौथ्यांदा सुई भोकाच्या कडेला टेकली आणि घसरली. पाचव्यांदा त्यांनी स्प्रिंग नीट आहे ना ते भिंगाखाली बघितलं, पाठ सरळ केली, पाणी प्यायल्या. एक गिऱ्हाईक पट्टा बदलून गेलं. सहाव्यांदा हात खाली गेला, लाट आली, गेली, आणि त्या फटीत सुई आत उतरली.

वरचा पूल ठेवायचा राहिला होता. तो ठेवताना डावा हातही कामाला लावला, दोन्ही हातांनी, अगदी नवशिक्यासारखा. स्क्रू फिरला. वहिनींनी हळूच घड्याळ हलवलं.

चाक झुलायला लागलं.

काउंटरवरून दीर आले. त्यांनी वाकून पाहिलं, मग कान लावला. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. माणूस व्यवहाराचा होता, त्यात वाईट काही नव्हतं.

"चाळीस मिनिटं, वहिनी. पूर्वी दहा लागायची."

"लागायची. आता चाळीस लागतात." त्यांनी भिंग काढलं, डोळ्याभोवती गोल वळ उठला होता. "नाजूक काम फक्त सकाळी, अकरापर्यंत. दिवसाला दोन घड्याळं, तिसरं घ्यायचं नाही, कुणी कितीही गळ घातली तरी. दुपारी साफसफाई, पट्टे, काय असेल ते. तीन महिन्यांनी पुन्हा दवाखाना, तेव्हा चार आठवडे टेबल बंद. आणि गिऱ्हाइकाला आधीच सांगायचं, हात कापतो, वेळ लागतो, चालत असेल तर ठेवा."

"असं सांगितलं तर कोण ठेवील?"

"जो ठेवील त्याचं करू."

दीर बराच वेळ त्या झुलणाऱ्या चाकाकडे बघत राहिले. मग त्यांनी खिशातून फोन काढला, पुन्हा ठेवला, पुन्हा काढला.

"बारा वाजता तो यायचाय. त्याला काय सांगू?"

"सांगा, जागा रिकामी नाही, माणूस बसलंय." वहिनींनी भिंग पुन्हा डोळ्याला लावलं. "आणि त्या खणातलं दुसऱ्या घड्याळाचं पाकीट द्या जरा इकडे. अजून अकरा वाजायचेत."